राज्याला तोंड नसतं

सरकारला कोर्टात हरवणं तसं अवघड नसतं. ही बढाई नाही, वैताग आहे. माझं उभं आयुष्य त्यातच गेलं. कोठडीत मेलेली पोरं, वेड्यांच्या इस्पितळात थंडीनं गारठून गेलेल्या म्हाताऱ्या, घरावर बुलडोझर फिरवून रस्त्यावर काढलेली कुटुंबं. त्यांची वकीलपत्रं घ्यायची, इथल्या कोर्टात हरायचं, मग स्ट्रासबुर्गला, युरोपच्या मानवी हक्क कोर्टात, अर्ज करायचा आणि केस पांढरे झाल्यावर जिंकायचं. सरकारं बदलली, मंत्री बदलले, पण मला येणारं उत्तर काही बदललं नाही. "निकालाचा आम्ही आदर करतो." आदर करतात, आणि विजेचं बिल भरावं तशी भरपाई भरून मोकळे होतात.

पेन्कामावशी राजधानीतल्या, सोफियातल्या माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आली तेव्हा माझे केस काळे होते. तिच्या डोक्याला काळा रुमाल, हातात भाजलेल्या मिरच्यांची बरणी, आणि जिने चढून लागलेली धाप. डॅन्यूबकडच्या सपाटीवर कामेनब्रोद म्हणून गाव आहे, तिथून पहाटेची बस धरून आली होती. तिचा मुलगा मिलेन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. गावातला पाण्याचा पंप चोरीला गेला, संशयावरून पोलिसांनी त्याला दुपारी चौकीत नेलं, आणि संध्याकाळी डॉक्टरला बोलावलं ते मेल्याच्या कागदावर सही करायलाच. पोलिसांचं म्हणणं असं, की पोरगा बाकावरून घसरला आणि त्याचं हृदय थांबलं. मी तो बाक पाहिलाय. माझ्या गुडघ्याएवढा उंच. त्यावरून पडून मिलेनसारख्या बरगड्या मोडत असतील तर आमच्या देशातली सगळी शाळकरी पोरं आज लुळी पडलेली असती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "तुम्हाला काय हवंय मावशी? शिक्षा, भरपाई, की माफी?" लोक बहुधा तिन्ही म्हणतात.

"तो शेवटी काय म्हणाला ते हवंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो, बोलका होता तो. झोपेतसुद्धा बडबडायचा. काहीतरी बोललाच असणार. मला हाक मारली असेल, पाणी मागितलं असेल, नाहीतर त्यांना शिव्या घातल्या असतील. शिव्या असल्या तरी चालतील मला. त्याच्या बापाच्या वेळी मी उशाशी होते, सासूच्या वेळीही होते. आपल्या माणसाचा शेवटचा शब्द आपल्याकडे असावा की नाही? माझ्या पोराचा त्या गोचेवकडे पडलाय."

गोचेव म्हणजे चौकीचा इन्स्पेक्टर. बायको गावातली, तो स्वतः बदलीवर आलेला. चौकीत त्या दिवशी आणखी दोन शिपाई होते, पण एकानं सांगितलं मी कॉफी करत होतो, दुसऱ्यानं सांगितलं मी बाहेर सिगारेट ओढत होतो. थोडक्यात, आतल्या खोलीत मिलेनबरोबर गोचेव एकटाच.

"त्याला उभा करू कोर्टात," मी म्हणाले. "शपथेवर. मग बोलावंच लागेल."

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

मग सुरू झाले खेटे. जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं चौकशी बंद केली. वरच्यानं ती उघडायला लावली, खालच्यानं पुन्हा बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. कपाटाचं दार झालं असतं तर बिजागरी निखळली असती. गोचेवला कुणी साधा प्रश्न विचारला नाही. त्याची मोठ्या शहरात बदली झाली, बढतीवर. मावशी दर हिवाळ्यात मिरच्यांची बरणी घेऊन यायची, खुर्चीत बसून धाप जिरवायची आणि विचारायची, "बोलला का गं?" तोवर ती मला अगंतुगं करायला लागली होती.

"अजून नाही मावशी."

"आणि तू? अजून लग्न नाही केलंस? सरकारशीच लावलंस वाटतं."

"ते तरी कुठे नांदवतंय," मी म्हणायचे, आणि ती तोंडावर रुमाल धरून हसायची.

स्ट्रासबुर्गला आम्ही जिंकलो. एकमतानं. मिलेनच्या मृत्यूला राज्य जबाबदार आहे आणि राज्यानं धड चौकशीही केली नाही, असा निकाल. त्या दिवशी सरकारची बाजू मांडणाऱ्या दोब्रोमिरचा मला फोन आला. माणूस सभ्य, मऊ आवाजाचा. इतकी वर्षं तो हरतोय माझ्यासमोर, पण झोप उडालेली एकदाही दिसली नाही.

"अभिनंदन झोर्नित्साबाई. फार छान मांडलंत. पैसे वेळेवर जमा होतील, त्याची काळजी नको."

"आणि गोचेव?"

"कोण गोचेव?"

मी त्याचा हुद्दा सांगितला, चौकी सांगितली.

"निकालात असं कुणाचं नाव नाहीये हो," दोब्रोमिर समजुतीनं म्हणाला. "निकाल राज्याविरुद्ध आहे."

मी स्वतः कामेनब्रोदला गेले निकाल वाचून दाखवायला. मावशीच्या स्वयंपाकघरात अर्धी गल्ली जमली होती. कुणी राकिया, घरची फळांची दारू, आणली, कुणी चीज भरलेली बानित्सा भाजून आणली. मी उभी राहून एकेक ओळ वाचली, सोपी करून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी चुलीपाशी बसून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "राज्य म्हणजे कोण गं?"

"म्हणजे... सरकार. देश. आपण सगळे मिळून."

"मी पण?"

मी निकालाचा कागद घडी करू लागले.

"राज्याला तोंड नसतं पोरी," ती म्हणाली. "गोचेवला आहे. मी तुला त्याला आणायला धाडलं, तू भलत्यालाच धरून आणलंस." रागानं नाही म्हणाली. उठून तिनं माझ्या ताटलीत घेवड्याचं सार वाढलं आणि म्हणाली, "जेव, बसची वेळ होईल."

त्या बसमध्ये मी रडले. जिंकून रडणारी मी एकटीच वकील असेन.

पण मी पाठ सोडली नाही. निकाल आलाय म्हणजे चौकशी नव्यानं करा, म्हणून सोफियातल्या एकूण एक दारावर डोकं आपटलं. अर्ज केले, त्याच्यावर स्मरणपत्रं, त्याच्यावर तक्रारी. अखेर जिल्ह्याला एक तरुण सरकारी वकीलबाई आली, ती नवखी होती की धीट होती कुणास ठाऊक, तिनं गोचेववर आरोपपत्र ठेवलं. मावशीला फोनवर सांगितलं, तर तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "कोर्टात जायला मला नवे बूट लागतील."

बूट आले, पण खटला सुरू होईना. गोचेव तोवर निवृत्त झाला होता, आणि त्याच्या एकेका अवयवानं तारीख मागून घेतली. आधी रक्तदाब, मग गुडघा, मग डोळे. दर वेळी डॉक्टरचा दाखला, दर वेळी न्यायाधीशाचं बोट कॅलेंडरच्या पुढच्या पानावर. मावशी दर तारखेला नवे बूट घालून यायची आणि घरी गेली की काढून जपून ठेवायची.

एकदा मात्र तो आला. मावशीला त्या दिवशी ताप होता, ती नव्हती. कोर्टाच्या बोळात बाकावर बसला होता, सुजलेले पाय, मांडीवर औषधांची पिशवी. मला उभी पाहून सरकला आणि म्हणाला, "बसा बाई, इथे फार वेळ लागतो." मी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही शेजारी बसलो होतो.

"एकच सांगा," मी हळू म्हणाले. "खटल्याचं राहू द्या. मी लिहून घेणार नाही, कुणाला सांगणार नाही. त्याच्या आईला फक्त एवढंच हवंय, तो शेवटी काय म्हणाला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं त्यानं, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात त्याचा वकील लगबगीनं आला, "काका, एक शब्द बोलायचा नाही," म्हणाला आणि दंडाला धरून त्याला घेऊन गेला. चूक त्या वकिलाची नव्हती. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा जेवढा संताप आला तेवढा कधी आला नव्हता.

पुढची तारीख हिवाळ्यातली पडली. आणि गेल्या गुरुवारी कोर्टाकडून कागद आला. आरोपी मयत झाल्यामुळे कार्यवाही बंद करण्यात येत आहे. बस, एवढंच. खाली शिक्का.

ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. शनिवारी सकाळी मी कामेनब्रोदची बस धरली. बसथांब्यावर उतरले तेव्हा काचेवर चिकटवलेल्या मृत्यूच्या कागदांवरून नजर फिरवली. ओळीनं फोटो, काळ्या चौकटी. गोचेवचा नव्हता. बरं झालं म्हटलं, तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलेलं नसणार.

रस्त्यानं बायका पातेली घेऊन चालल्या होत्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आज मृतांचा शनिवार, आपल्या माणसांच्या कबरींवर जाऊन गहू वाटायचा दिवस. म्हणजे मावशी घरी नसणार. मी शेवंतीची जुडी घेतली आणि बायकांच्या मागोमाग कबरस्तानात गेले.

धुकं होतं. मावशी मिलेनच्या कबरीपाशी छोट्या स्टुलावर बसली होती, पायात कोर्टाचे बूट. दगडावर लाल दारूची धार सोडून झाली होती, मांडीवर उकडलेल्या गव्हाचं भांडं, वर पिठीसाखर आणि अक्रोड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझी पावलं तिनं ओळखली.

"तारीख पडली की तू फोन करतेस," ती म्हणाली. "स्वतः आलीस म्हणजे काहीतरी वाईट आहे."

"मेणबत्ती तरी लावू दे मला."

"लाव. त्याला कुठे घाई आहे."

मी वाळूत मेणबत्ती रोवली. काडी पुन्हा पुन्हा विझत होती, आणि मला ते बरंच वाटत होतं. एवढ्यात पलीकडच्या ओळीतून एक बाई तबक घेऊन आली. तिशीची असेल, शहरी कोट, डोळे सुजलेले. सगळ्यांना वाटत वाटत ती आमच्यापाशी आली. कागदी वाट्यांत गहू, बाजूला बिस्किट.

"घ्या ना," ती म्हणाली. "माझ्या वडिलांसाठी. ल्युबेनसाठी."

"देव क्षमा करो त्याला," मावशी म्हणाली. घेताना दुसरं काही म्हणतच नाहीत आमच्याकडे, आणि नको असंही म्हणत नाहीत. तिनं लगेच चमचाभर तोंडात घातलं. "छान शिजलेत. नवीन आहे का गं दुःख?"

"चाळीस दिवस व्हायचेत अजून."

"देव क्षमा करो," मावशी पुन्हा म्हणाली.

माझी वाटी हातात तशीच राहिली. ल्युबेन नावाचे पुरुष आमच्याकडे कमी नाहीत. मी स्वतःला तसं समजावलंही. पण हे नाव मी इतकी वर्षं, इतक्या अर्जांवर, माझ्या हातानं लिहीत आले होते. ती बाई पुढच्या कबरीकडे वळल्यावर मी उठले आणि ती आली होती त्या ओळीत गेले. एका जुन्या दगडाशेजारी ताजी माती, लाकडी क्रूस. जुना दगड गोचेवच्या बायकोचा होता. क्रूसावर त्याचं नाव, ल्युबेन गोचेव. त्याला इथे, बायकोजवळ, मिलेनपासून हाकेच्या अंतरावर आणून पुरला होता. गावात हे कुणाला माहीत नसेल असं नाही, पण मावशीला सांगायला जातंय कोण.

मी परत आले. मावशी वाटीच्या तळाशी चमचा फिरवत होती.

"काय पाहून आलीस?"

"मावशी, गोचेव गेला."

चमचा थांबला. "कधी?"

"महिना होत आला. खटला बंद झाला. आता उघडत नाही. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही."

तिनं घास गिळला. मग त्या बाईचा आवाज येत होता त्या दिशेला तोंड वळवलं, मग हातातल्या वाटीवरून बोट फिरवलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ल्युबेन," ती म्हणाली.

"हो."

"मी म्हटलं ना, देव क्षमा करो? दोनदा म्हटलं."

"तुला माहीत नव्हतं. ते धरायचं नाही."

"तू वकील आहेस, नीट सांग. त्याच्यावर अपील असतं का?"

सगळ्या जन्मात मी जे निकाल मिळवले त्यातला एकही धड अमलात आला नव्हता, आणि हा क्षमेचा मात्र जागच्या जागी अमलात आला होता. मला त्या मातीवर जाऊन लाथ मारावीशी वाटली. साठी उलटलेली बाई मी, पण वाटली.

"बोलाव तिला," मावशी म्हणाली.

"कुणाला?"

"त्या पोरीला. घेतलंय तर द्यायला नको? मिलेनचे गहू कुणी द्यायचे तिला?"

मला धडकी भरली. पण मी हाक मारली. ती आली, मावशीनं चाचपडत भांड्यातले गहू तिच्या वाटीत वाढले. "माझ्या मुलासाठी. मिलेनसाठी."

"देव क्षमा करो मिलेनला," गोचेवची लेक म्हणाली आणि तिनं खाल्लं. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. नावच ऐकलेलं नव्हतं तिनं, बापानं घरी कधी काढलंच नसणार.

"तुझं नाव काय बाळ?"

"रालित्सा."

"रालित्सा, तुझे वडील शेवटी काही बोलले का गं?"

त्या पोरीचे डोळे भरून आले. ती सरळ ओल्या गवतावर बसली, शहरी कोटासकट. "तुम्ही पहिल्याच, ज्यांनी हे विचारलं," ती म्हणाली, आणि मग सांगतच सुटली. इस्पितळातली खिडकी त्यांना बंद हवी होती. चेरीचा मुरांबा मागितला होता, तो ती घरून घेऊन आली, पण एकच चेरी खाल्ली. लहानपणी तिला ज्या नावानं हाक मारायचे त्या नावानं हाक मारली. शेवटी म्हणाले, "तुझे हात किती गार आहेत गं, मोजे घाल." मोजे नाही, हातमोजे म्हणायचं होतं त्यांना. तिनं खरंच घातले हातमोजे, आणि तसाच त्यांचा हात धरून बसली.

मावशी ऐकत होती. असं ऐकताना मी तिला स्ट्रासबुर्गच्या निकालाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मान पुढे, तोंड अर्धवट उघडं, एक शब्द सांडू नये म्हणून. "मग?" म्हणायची. "मग काय म्हणाले?" आणि रालित्सा आठवून आठवून आणखी सांगायची.

सगळं सांगून झाल्यावर रालित्सानं नाक पुसलं. तिनं रीत म्हणून विचारलं, मायेनंच विचारलं. "आणि तुमचा मिलेन? तो काही बोलला का शेवटी?"

मावशीनं दगडावर हात ठेवला.

"माहीत नाही गं. मी नव्हते तिथे. ही माझी वकीलबाई, ही विचारून येणार होती."

रालित्साला त्यातलं काही कळलं नाही. तिनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि तबक उचलून गेली. धुक्यात तिचा कोट दिसेनासा झाला.

"सांगितलं का नाहीस तिला?" मी विचारलं.

"काय सांगू? त्याला तोंड होतं तोवर आपल्याला ते उघडता आलं नाही. आता हिचं कशाला बंद करू?" तिनं भांड्यावर झाकण ठेवलं, डोक्याचा काळा रुमाल घट्ट केला आणि उठायला माझा हात मागितला. हात दिला तर तिला माझ्या हातातली वाटी लागली. भरलेली.

"तू नाही खाल्लंस?"

"नाही."

"खा," ती म्हणाली. "दिलेलं टाकत नाहीत."

मी उभ्या उभ्या सगळं खाल्लं. मग आम्ही बसथांब्याकडे निघालो.